बडोद्यात कोणाला लागतो हीटर?

"हीटर कोअर चोक झालाय. डॅशबोर्ड उघडावा लागेल," सबनीसकाकांनी गाडीतून उतरता उतरताच निदान सांगून टाकलं.

माझं गॅरेज बडोद्यात छाणीला आहे. हल्ली गिऱ्हाईक गाडीबरोबर रोगाचं नावही घेऊन येतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. मला त्याचा राग येतो, पण धंदा म्हटल्यावर तो गिळावा लागतो.

"आधी चहा घ्या काका. मग उघडू काय उघडायचं ते."

"चहा राहू दे, अनिल. परवा सकाळी निघायचंय," स्टिअरिंगमागून सुनंदाकाकू म्हणाल्या. गाडी त्याच चालवतात. नजर अधू झाल्यावर काकांनी स्टिअरिंग सोडलं, गाडीवरचा हक्क मात्र सोडला नाही. नागरवाड्यातलं हे जोडपं माझं जुनं गिऱ्हाईक.

घाई कसली ते काकूंनीच सांगितलं. त्यांची मुलगी मैत्रेयी हिमाचलमध्ये, पालमपूरच्या पुढे एका गावात असते. जावयाची नोकरी तिकडची. तिला मुलगी झाली होती, पण दिवस भरायच्या आधीच. आता बाळ सावरलं होतं. माहेरी न्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती, फक्त गर्दीत नेऊ नका आणि गार वाऱ्यापासून जपा, एवढंच त्यांनी बजावलं होतं. म्हणजे ट्रेन नाही, विमान नाही. आपल्या गाडीतून, मुक्काम करत करत आणायचं.

"मैत्रेयीने स्पष्ट सांगितलंय," काकू म्हणाल्या, "हीटर चालत असेल तरच बाळाला घेऊन येते, नाहीतर मार्चमध्ये या. आणि काल लावून बघितला तर गार वारा! अनिल, मी नातीला अजून हातात घेतलेलं नाही रे."

मी बॉनेट उघडलं.

बडोद्यात हीटर कोणाला लागतो? डिसेंबरात चार दिवस पहाटे स्वेटर निघतो, तेवढीच आपली थंडी. हीटरचं बटण एकदाही न फिरवता माणसं गाडी विकून टाकतात. त्यामुळे तो बिघडला तरी वर्षानुवर्षं कळत नाही.

पुष्कळांना वाटतं, पेट्रोल गाडीच्या हीटरमध्ये गिझरसारखी कॉइल असते. तसं नसतं. इंजिन तापतं, त्याची उष्णता कूलंट नावाचं रंगीत पाणी घेऊन जातं. त्यातलं थोडं पाणी दोन होजमधून, म्हणजे रबरी नळ्यांमधून, डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीत फिरतं. एका नळीतून जातं, दुसरीतून परत येतं. त्या जाळीवरून पंखा वारा सोडतो, तो वारा गरम होऊन आपल्याला लागतो. ही जाळी म्हणजे काकांचा हीटर कोअर.

कूलंटची पातळी ठीक होती. मी इंजिन चालू ठेवलं आणि थोड्या वेळाने दोन्ही नळ्यांना हात लावला. कोअर चोक असता तर एक नळी चटका देणारी आणि दुसरी गार लागली असती. इथे दोन्ही सारख्याच कोमट होत्या. म्हणजे पाणी नीट फिरत होतं, पण मुळात ते तापलेलंच नव्हतं.

"काकू, हायवेला टेंपरेचरचा काटा कुठे असतो?"

"अगदी खाली. वेग घेतला की आणखी खाली जातो."

"बघा, इंजिन किती कूल राहतं ते!" काका अभिमानाने म्हणाले.

काटा मध्यावर असायला हवा. तो खाली राहणं ही काही कौतुकाची गोष्ट नाही. मी थर्मोस्टॅटचं झाकण खोललं. थर्मोस्टॅट ही एक साधी झडप असते. इंजिन गार असताना ती बंद राहते, म्हणून पाणी लवकर तापतं. तापलं की ती उघडते आणि पाणी गार व्हायला पुढच्या रेडिएटरमध्ये जातं. झाकणाखाली काहीच नव्हतं. झडप कोणीतरी काढून घेतली होती. बंबाची तोटी सतत उघडी ठेवली तर पाणी तापणार कधी?

"काका, यातला थर्मोस्टॅट कुठे गेला?"

"अरे, तो तर मे महिन्यात काढला ने! दाहोदहून येताना ट्रॅफिक जॅममध्ये गाडी उकळली. रस्त्यावरच्या मेकॅनिकने फटाफट काम केलं. म्हणाला, आपल्या गरमीत हा जोइएच कशाला, काय गरज? तेव्हापासून एकदा पण प्रॉब्लेम नाही."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आणि हे तुम्ही अनिलला आत्ता सांगताय?"

"ते तर दुरुस्त झालं होतं. दुरुस्त झालेलं काय सांगायचं?"

खरं सांगायचं तर काकांचं बोलणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. आमच्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्यांतून हा भाग असाच काढून टाकलेला सापडतो. गाडी उकळायची थांबते, मालक खूश होतो आणि गाडी का उकळत होती हा प्रश्न तसाच राहतो.

नवीन थर्मोस्टॅट आणून बसवला. काटा मध्यावर आला आणि हीटरमधून खरोखरची गरम हवा आली. काकूंनी डॅशबोर्डवरच्या झरोक्यापुढे दोन्ही तळवे धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सारू, छान! चला, निघू या," काका म्हणाले.

"गाडी आज ठेवून जा. उद्या संध्याकाळी या, आपण मांडवीच्या गर्दीत चक्कर मारू."

"मांडवीला? अरे, आम्हाला हिमाचलला जायचंय! काम झालं ने?"

"हीटरचं झालं. मे महिन्यात गाडी का उकळली, ते अजून कळलेलं नाही."

काका वैतागले. परवाच्या रात्रीचं उदयपूरचं हॉटेल बुक झालं होतं. मी नसती कामं काढतोय, असंही ते पुटपुटले. मला ते झोंबलं. पण काकूंनी वाद घातला नाही. "उद्या येतो," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. काकू गाडी चालवत होत्या. फतेगंजपर्यंत काटा शहाण्यासारखा मध्यावर होता. मांडवीच्या आसपास रिक्षा, स्कूटर आणि भाजीच्या लाऱ्यांमध्ये, म्हणजे हातगाड्यांमध्ये, गाडी अडकली आणि काटा वर सरकायला लागला. काका मागच्या सीटवरून वाकून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला.

"काकू, हीटर फुल करा."

"आत्ता? या उकाड्यात?"

"करा. इंजिनची उष्णता तेवढीच आत येईल."

काचा उघड्या आणि हीटर फुल, असे आम्ही घामाघूम होऊन मांडवीतून बाहेर पडलो. बाजूच्या लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं असणार. काटा वर जायचा थांबला. मोकळी जागा मिळताच गाडी उभी केली आणि मी बॉनेट उघडलं. गाडी उभी असताना वारा लागत नाही, तेव्हा रेडिएटर गार करायला त्याच्यामागे पंखा असतो. तो फिरायला हवा होता, पण हलत नव्हता. मी हात लांब ठेवून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने त्याच्या मोटरवर हलकेच ठोकलं. पंखा लगेच फिरायला लागला.

मोटरच्या आतले कार्बन, म्हणजे तिला वीज पोचवणारे तुकडे, झिजले होते. मनात आलं तर फिरायची, नाही तर अडून बसायची. आदल्या दिवशी माझ्यासमोर ती व्यवस्थित फिरली होती. मे महिन्यातलं खरं दुखणं हेच होतं. थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी सतत गार होत राहिलं आणि हे दुखणं झाकलं गेलं. आता आम्ही थर्मोस्टॅट परत बसवल्यावर ते पुन्हा वर आलं.

"हे घाटात झालं असतं तर?" काकूंनी विचारलं.

"बाळाला घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं असतं."

परतताना मला काकांची दया आली. त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं.

पंख्याची मोटर अख्खी नवीन बसवली. पुन्हा मांडवीला जाऊन आलो. काटा मध्यावरून हलला नाही. एक दिवस उशिरा दोघं निघाली. हॉटेलचं बुकिंग काकांनीच बदललं आणि ते मला फोन करून सांगितलंही.

तेव्हापासून माझ्याकडे गाडी आली की काय बिघडलंय हे मी नंतर विचारतो. यात आजवर काय काय दुरुस्त झालंय, ते आधी विचारतो. गिऱ्हाइकांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो.

पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. परतीच्या वाटेवर पठाणकोटला पोचल्या होत्या.

"अनिल, घाट उतरताना पुढे एक ट्रक आडवा झाला. दुपारभर रस्ता बंद. वरून पाऊस, आणि थंडी तर विचारू नकोस. आम्ही हीटर लावून बसून राहिलो."

"हवा खेळायला काच थोडी उघडी ठेवली होती ना?"

"होती रे बाबा. गाडी उकळली नाही, काही नाही. मैत्रेयी आणि बाळ, दोघी गाढ झोपल्या होत्या."

"आणि काका?"

त्या हसल्या. "ते पुढे बसून सारखे काट्याकडे बघत होते. मी म्हटलं, अहो, नात आलीये, जरा बाळाकडे बघा ने! तर म्हणतात, बाळाकडेच बघतोय."