नागपूर ते कलकत्ता, दोन तास

घरातलं माणूस गावाला निघालं की ते मुक्कामी पोहोचेपर्यंत आमच्या सासूबाई घर झाडू देत नसत. जाणाऱ्याच्या मागे केर काढून बाहेर टाकला तर तो परत येत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. बालाघाटहून गोंदियाला कोणी गेलं तर अरुंद रुळांवरची छोटी गाडी पोहोचायची वेळ त्यांना पाठ असे. ती टळली की मगच झाडूला हात.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा हे कलकत्त्याला निघाले, तेही विमानानं. मलाजखंडकडे तांब्याचा शोध चालला होता. हे तिथले नकाशे काढत, आणि ते घेऊन कलकत्त्याच्या कचेरीत बोलावणं आलं होतं. मंगळवारी मोटारीनं नागपूर, बुधवारी अकराला विमान. आमच्या घरातलं कोणी आजवर विमानात बसलं नव्हतं. मी पडले मॅट्रिक पास. भीती दाखवणार कशी?

“किती वेळ लागते विमानाले?” सासूबाईंनी विचारलं. “झाडू कवा मारायचा, सांग.”

मी धाकट्या दिराच्या शाळेतला नकाशा काढला. शिवणाचा दोरा नागपूरपासून कलकत्त्यापर्यंत ताणला आणि खालच्या मापावर धरला. सहाशे मैल भरले. विमान तासाला तीनशे मैल जातं, असं हे सांगून गेले होते. “दोन तास,” मी ऐटीत म्हणाले. “एक वाजता पोहोचतात.”

बुधवारी एक वाजला. “पोहोचला म्हनतं, तर झाड मंग,” त्या म्हणाल्या. मी झाडलं. केरात यांनी निघताना टोक केलेल्या पेन्सिलीची सालं होती. केर सुपात भरून नेहमीसारखा त्यांनीच बाहेर नेला.

संध्याकाळपर्यंत तार येणार होती. आली नाही. गुरुवारी शेजारचे धान्याचे व्यापारी नागपूरहून परतले. जावयाला त्याच विमानावर सोडायला गेले होते. नळावर मला म्हणाले, “बहू, कल का जहाज तो शाम तक उड़ा ही नहीं. मौसम खराब है.”

म्हणजे हे जमिनीवर बसलेले असतानाच मी त्यांच्यामागे घर झाडून मोकळी झाले होते. शिकलेली, मापं काढणारी, आणि विमान सुटलं का एवढंही विचारायचं सुचलं नव्हतं. घागर तिथंच ठेवून मी उकिरड्याकडे पळाले आणि दोन्ही हातांनी उकरू लागले. पेन्सिलीचं एकही साल सापडेना.

“काय शोधून राह्यली?” मागे सासूबाई उभ्या.

मी रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. त्यांनी मनगट धरून मला स्वयंपाकघरात नेलं आणि दारामागचा गळका डबा दाखवला. केर त्यात होता, सालांसकट.

“तुह्या हिशोबावर भरोसा होता मले,” त्या म्हणाल्या. “विमानावर नव्हता.”

बुधवारपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यानंतर आम्ही त्या डब्यापासून फार लांब गेलो नाही.

शुक्रवारी दुपारी तार आली. हे सुखरूप पोहोचले होते. मी डोळे पुसले, डबा उचलला आणि टाकायला निघाले. सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा दारामागे ठेवला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “वापसही विमानानंच यायचं हाय त्याले.”