चर थांबवला तेव्हा

कळंबला कालव्याकाठचं आमचं दीड एकर रान पाणी धरू लागलं होतं. वर मिठासारखा पांढरा थर यायचा आणि पीक पिवळं पडायचं. म्हणून वडील, म्हणजे आबा, पाणी काढून द्यायला कडेनं चर खणत होते. गव्हाच्या पेरणीआधी तो ओढ्याला मिळाला तर रान वाचणार होतं. पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. मी पुण्यात भूगर्भशास्त्र शिकत होतो आणि दिवाळीच्या सुट्टीला आलो होतो, म्हणजे शिंगं फुटलेली होतीच.

कमरेइतक्या खोलीवर गाळाची एक कडक फरशी निघाली. तिच्यावर बांगडीएवढी गोल वळी होती, एकातून देठ निघून पुढं पानासारखा पसरलेला. हाडं नाहीत, शिंपला नाही अशा फार जुन्या मऊ जीवांचे ठसे मी पुस्तकात पाहिले होते. माझं डोकंच फिरलं. आपला मुलूख काळ्या कातळाचा, त्यावरचा गाळ कालपरवाचा, त्यात इतके जुने ठसे कुठून येणार, एवढं तरी मला कळायला नको होतं का? पण नाही! बारामतीला जाऊन प्राध्यापकांना पत्र टाकलं आणि आबांना बजावलं, ते येऊन बघेपर्यंत कुदळ लावायची नाही. आबांनी का म्हणून विचारलं नाही. कुदळ धुऊन ठेवली.

कालव्याला पाणी सुटलं, पाझर चढला, रानात टाचा बुडतील इतकं पाणी साचलं. सुट्टी संपत आली तेव्हा ते आटलं.

एका सकाळी आबा वाळलेल्या शेवाळाची साल दोन्ही हातांवर तोलत घरी आले. खाली माती चिकटलेली. वर बुडबुड्यांची गोल वळी, सुरकुत्यांचं पान, देठसुद्धा.

"तुज्या चरातल्यावानी समद्या रानात निघाल्यात," ते म्हणाले. "बरं झालं चर थांबवला."

मी सालीवरून बोट फिरवलं; चरातल्या फरशीवरचीच नक्षी. लाज वाटली म्हणावं, तर तीही वाटली नाही. हे नुसतं शेवाळ आहे, चरातल्या फरशीवरचे ठसेही असल्याच शेवाळाचे, एवढंच मी सांगितलं. प्राध्यापकांना येऊ नका म्हणून दुसरं पत्र टाकावं लागणार होतं.

आबांनी साल हळूच ओट्यावर ठेवली. रानात आता वेळेत घात, म्हणजे पेरणीजोगी ओल, येणार नव्हती, पेरणी हातची गेली होती. त्या तुकड्यात पुढंही कधी काही पिकलं नाही. पण त्या दिवशी रानाचं ते काही बोललेच नाहीत.

"मग आता कालेजात तुजं कसं व्हायचं?" त्यांनी विचारलं.

माझं काही बिघडत नाही, असं मी म्हणालो. ते खरंच होतं.