बाबांचा बुरांश आणि आमचा लोटा

बाबा गेले आणि त्यांचं लाडकं झाड आम्ही सगळ्यांनी मिळून पाणी पाजून मारायला घेतलं.

आज वर्ष झालं. पुन्हा नवतपा लागलाय, मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

बुरांश. लाल फुलांचं, थंड पहाडातलं झाड. बाबांनी नैनितालच्या ट्रिपहून रोप आणलं आणि चौबे कॉलनीतल्या आमच्या अंगणात लावलं. रायपूरच्या उन्हात! अख्खी गल्ली हसली.

बाबांनी खड्ड्यातली काळी माती काढून फेकली. पालापाचोळ्याचं खत, वाळू, वर ग्रीन नेट. बोअरचं पाणी बंद, ड्रममध्ये साठवलेलं पावसाचंच चालायचं.

मी पाइप उचलला की ओरडायचे, "काहून घाई करून राहिली? आधी बोट घाल मातीत. मंग पाणी."

माती आत ओली असेल तर एक थेंबही नाही. मुळं सडतात म्हणे.

इकडे माणूस गेला की दहा दिवस पिंपळाला पाणी देतात. आमच्या गल्लीत पिंपळ नाही. शेजारच्या मिश्रा आंटी लोटा घेऊन आल्या, म्हणाल्या, "भैया का पेड़ तो यही है।"

झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण बुरांशला एक लोटा पाणी घालू लागला. मीही.

पानांनी मान टाकली. आम्हाला वाटलं तहान लागली. अजून लोटे.

खरं सांगू? मला भीती झाडाची नव्हती, आईची होती. बाबा गेल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. नुसती त्या झाडाकडे बघत बसायची. तेही गेलं तर?

पानं पिवळी पडून गळायला लागली, आणि आंटी पुन्हा लोटा घेऊन आल्या.

आई उठली. झाडापाशी बसली, मातीत बोट खुपसलं. वर आला तो चिखल.

"पोट्टे, थांबव सगळ्यायले. आधी बोट, मंग पाणी."

बाबांचंच वाक्य. मी तिथेच ढसाढसा रडले.

झाड जगलं. जेमतेम. फूल अजून एकही नाही.

आता रोज दुपारी नव्या रायपूरच्या ऑफिसमधून मी फोन लावते. आई उचलेपर्यंत रिंगा मोजते.

"आई, माती?"

"ओली हाय. तू जेवली का?"

मग कुठे माझा डबा उघडतो. माती बघितली म्हणजे आई आज उठली, अंगणात गेली, एवढं मला कळतं.

आज सकाळी मिश्रा आंटी आल्या. हातात लोटा होताच.

त्यांनी लोटा खाली ठेवला. पदर खोचला, वाकल्या, मातीत बोट घातलं.

"गीली है, भाभी।"

आणि भरलेला लोटा घेऊन घरी परत गेल्या.

बाबा, भावपूर्ण श्रद्धांजली. आज तुमच्या झाडाला कुणीच पाणी घातलं नाही.