हिंदीत उत्तर देणारी मुलगी

बारावीतली ती मुलगी माझ्याशी अचानक हिंदीत बोलायला लागली, तेव्हा मला राग आला. राग आला तो भलत्याच माणसावर, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

काशीत दुर्गाघाटावर आमची घरं एकाच गल्लीत. तिचे वडील भिक्षुकी करायचे. गल्लीत मी तिची मावशी, शाळेत तिची बाई, म्हणजे तिकडच्या भाषेत बहनजी. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. तिथल्या आमच्या मराठी घरांतल्या मुलांची मराठी तेव्हा पार पातळ झाली होती, म्हणून ही मुलगी शाळा सुटल्यावर फाटकाशी थांबून माझ्याशी मराठीत चार गोष्टी बोलायची, याचं मला भारी कौतुक. ते एकाएकी बंद झालं. काहीही विचारा, "जी बहनजी." एकदा भर वर्गात मी तिला झापलं, "मराठीची लाज वाटते का गं तुला?" मुली हसल्या. ती खाली मान घालून बसली.

फाटकाबाहेर तिच्यासाठी एक मुलगा रोज स्कूटर घेऊन उभा असायचा. कॉलेजातला, नीटनेटका, आम्हाला वाकून नमस्कार करणारा. आम्ही शिक्षिका खिडकीतून बघून गालात हसायचो. "कितना खयाल रखता है," असं एक जण म्हणाली, आणि मीही मान डोलावली. तिने मैत्रिणी सोडल्या, गाण्याचा तास सोडला, घंटा व्हायच्या आधीच ती दप्तर भरून बसायला लागली. सगळं माझ्या डोळ्यांदेखत. वीस वर्षं मुली शिकवल्या होत्या मी! अक्कल कुठे गहाण टाकली होती, देव जाणे.

एके दिवशी मी फाटकाशी तिला विचारलं, "आईचा ताप उतरला का गं?" ती उत्तर द्यायच्या आधी त्याच्याकडे बघायला लागली. तोच हसत म्हणाला, "बहनजी, हिंदी में पूछिए न. हमें भी तो पता चले." बोलताना त्याने तिचं मनगट इतकं घट्ट आवळलं की तिने ओठ दाबून धरले.

मी तिला ओढतच आत नेलं. रिकाम्या वर्गात ती मराठीत बोलली. "त्याला कळत नाही ते बोललं की मारतो." तिने बाही वर केली. दंडावर जुने आणि नवे वळ होते. "बाबांना सांगू नका, मावशी. शाळा बंद करतील."

मी प्राचार्यांकडे गेले. त्या म्हणाल्या, "बदनामी होगी. लड़की का नाम काट दीजिए." मार खाणारीचंच नाव शाळेतून काढायचं! मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. त्यांनी वडिलांना बोलावून घेतलं. वडील म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीला घरी बसवतो." त्यांच्याशीही मी कडाकडा भांडले. शेवटी तोडगा निघाला: मी स्वतः तिला नेईन-आणीन, तरच शाळा. त्या मुलाला मात्र कोणी एका शब्दाने जाब विचारला नाही. सगळे नियम मुलीला.

पहिल्या दिवशी तिला वर्गाच्या दाराशी सोडताना मी बजावलं, "सुटल्यावर इथंच थांबायचं. कोणाशी बोलायचं नाही. मी आल्याशिवाय हलायचं नाही."

तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"मावशी, तोही हेच म्हणायचा."