आठ दिवसांची राखण

फोन आला तेव्हा मी सातपूरला कंपनीत होतो. पहिली पाळी सुटायला तासभर होता. पलीकडून दामूतात्या बोलत होते, आमच्या वावराला ज्यांचं वावर लागून आहे ते. "तुझी काकू गेली रे... बांधावर बसल्या बसल्या. राखणीचा डबा हातातच व्हता." अशा वेळी माणसं कसं झालं, कधी झालं ते विचारतात. मी विचारलं, "आज पेऱ्याचा कितवा दिवस?" तात्या म्हणाले, "चौथा."

त्या प्रश्नाची मला लाज वाटत नाही. सिंधूकाकूनं, माझ्या धाकट्या चुलतीनं, स्वतः हेच आधी विचारलं असतं.

गावात तिला 'पारवेवाली' म्हणत, अर्थात पाठीमागं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. आमच्या दगडी विहिरीच्या कपारीत पारवे राहतात, माझ्या आजोबांच्याही आधीपासून. थंडी पडली की त्यांचा थवा हरभऱ्याच्या ताज्या पेऱ्यावर उतरायचा आणि गाव दातओठ खायचं. मी बाविशीत असताना पारावर ठरलं, औषध लावलेली बाजरी टाकायची. टाकणार कोण? विहीर आमची, म्हणून मी. मीही मोठ्या हुशारीनं मुठी भरभरून टाकली. औषधानं ती बाजरी गुलाबी झाली होती.

दुसऱ्या दिवशी काकू पदरात मेलेले पारवे घेऊन पारावर आली. कुणाशी काही न बोलता तिनं एकाच्या गळ्याखालची दाण्यांची पिशवी विळ्यानं चिरली आणि आतलं सगळं फरशीवर ओतलं. काटेमाठाचं बी, काढणीत सांडलेलं धान्य, बारीक खडे. हरभऱ्याचे दाणे तीन. आणि गुलाबी बाजरी... ती माझी. "बघा डोळं फाडून," ती म्हणाली. "तुमच्या तणाचं बी खातंय हे पाखरू, तुमची खुरपणी वाचवतंय. ह्या तीन दाण्यांपायी मारलं त्याला?"

तात्याही तेव्हा तडकले. "वहिनी, आज तीन, उद्या तीस. पेरा राखणार कोण, तुम्ही?"

"मीच राखीन. ह्या अंगाची समदी वावरं. पेरा एकाच दिवशी उरकायचा, आठ दिवस मी हाय. मोड वर आला की नवव्या दिवशी पारवा कुठंबी उतरू दे, कुणी हात लावायचा नाय. माझी राखण एक दिवस जरी चुकली, तर टाका तुमचं औषध."

पारावर हशा पिकला. पण शब्द दिला गेला, आणि बाईनं तो सोळा हिवाळे पाळला. हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि बाभळीची काठी, बस्स. ताप असो, गुडघे धरलेले असोत, आठ दिवस शिवारात तो डबा वाजायचाच.

त्या गुलाबी बाजरीवरून ती माझ्याशी वर्षभर धड बोलली नाही. पुढच्या पेऱ्याला मात्र म्हणाली, "मारायला शिकलास, आता बघायला शीक." मी रजा काढून तिच्याशेजारी बांधावर बसू लागलो. पारव्याचा दिनक्रम तिला पाठ होता. दव सुकल्याशिवाय ते विहिरीबाहेर पडत नाहीत. आधी एक घिरटी, मग एकटाच खाली उतरतो, त्याला धोका नाही दिसला की बाकीचे. दुपारी रस्त्याकडेचे खडे टिपायचे, पाणी प्यायचं, आणि ऊन उतरणीला लागलं की पुन्हा चरायला. "थंडी लय वाढली ना, की सांजच्याला गळा गच्च भरून घेत्यात. रात काढायची असती त्यांना," ती सांगायची. नवव्या दिवसानंतर ते बाजरीच्या, सोयाबीनच्या मोकळ्या वावरात सांडलेलं वेचत हिंडायचे. काकू मूल नसलेली विधवा, म्हणून कीव करणारे पुष्कळ होते. मला तिची कीव कधीच आली नाही. धाक वाटायचा, आणि माया.

तिला अग्नी मीच दिला. क्रियेला बसलो तेही मीच. दुसऱ्याच सकाळी, पेऱ्याच्या पाचव्या दिवशी, दव सुकायला लागलं तसा मी ओसरीवरून उठलो, डबा घेतला आणि निघालो. भावकी हडबडली. क्रियेला बसलेल्यानं असं शिवारात हिंडायचं नसतं, लोक काय म्हणतील, तिच्या आत्म्याला... मी म्हटलं, तिच्या आत्म्याला काय लागतं ते मला विचारा. वाटेत तात्या आडवे आले. "अरे, सुतक हाय तुला."

"राखणीला सुतक नसतं, तात्या. का एक दिवस चुकायची वाट बघताय?"

ते वाटेतून बाजूला झाले. पाचवा, सहावा, सातवा, आठवा... उघड्या अंगावर धोतर आणि उपरणं, हातात तो पोचे पडलेला डबा. हसणारे हसले. वाजवता वाजवता दोनदा मला रडू फुटलं, तेव्हा मी डबा आणखी जोरात बडवला.

नवव्या दिवशी मी डबा विहिरीच्या कठड्यावर उपडा ठेवला, ती ठेवायची तसाच, आणि बांधावर बसलो. तात्या आपल्या वावरात उभे होते. थवा विहिरीतून वर आला, एक घिरटी घातली. एकटा पारवा तात्यांच्या हरभऱ्यात, मोड आलेल्या सरींमध्ये उतरला, मग बाकीचे. तात्यांनी खाली वाकून ढेकूळ उचललं. माझ्याकडे पाहिलं, कठड्यावरच्या डब्याकडे पाहिलं आणि ढेकूळ हातातच चुरून टाकलं.

आज हरभरा फुलावर आलाय. औषधाचा विषय पारावर पुन्हा निघालाय, माझ्या कानावर आलंय. बाई गेली, तिच्याबरोबर शब्दही गेला, असं म्हणतात. डबा अजून कठड्यावर उपडाच आहे. पुढच्या पेऱ्याला ज्याला औषध टाकायचं असेल त्यानं आधी माझ्या हातून तो डबा काढून घ्यावा.