शफी मास्तरांचं इंग्रजी

शाळेतल्या माणसाजवळ किस्से साठतातच. लुगड्याला खडूची भुकटी लागावी तसे ते लागतात, झटकले तरी थोडे राहतात. माझ्याजवळचे बरेचसे शफी मास्तरांचे आहेत.

पोलीस ॲक्शननंतरचे दिवस. औरंगपुऱ्याजवळच्या आमच्या शाळेत उर्दू जाऊन मराठी माध्यम आलं. मी नवी बाई, मराठी शिकवायला. शफी मास्तर जुने, इंग्रजीचे; पण त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. हुकूम आला, की मराठीतूनच शिकवा; तपासणीत जमलं नाही तर घरी बसा. त्या वयात त्यांना दुसरं कोण कामावर ठेवणार होतं? मला लई वाईट वाटायचं.

*

मास्तरांचा हात उर्दूच्या सवयीनं फळ्याच्या उजव्या कडेला जायचा. खडू टेकवला की आठवायचं, इंग्रजी डावीकडून! मग स्वतःवरच हसत इकडं यायचे. बिडकीनहून मामाकडं शिकायला आलेली सुगंधा पुढं बसायची. कुणी न सांगता ती रोज खडू डाव्या कोपऱ्यात ठेवायला लागली. मास्तरांनी पाहिलं, आणि तिथूनच लिहायला लागले.

*

स्पेलिंगचे नियम ते माणसांच्या गोष्टी सांगाव्यात तसे सांगायचे. "क्यू अकेला कहीं नै जाता, यू कू साथ लेता." शब्दाच्या शेवटचा ई म्हणजे घरातला बुजुर्ग, स्वतः गप्प बसतो, पण त्याच्यामुळं आतल्यांचा आवाज बदलतो.

एका पोरानं घरी आजोबांनाच 'शेवटचा ई' म्हटलं. आजोबा तणतणत शाळेत आले. मास्तरांनी त्यांना बसवून नियम समजावला, तेव्हा खूश होऊन परत गेले.

*

शाळा सुटल्यावर मी त्यांना मराठी शिकवायची. 'ळ' काही केल्या जिभेवर बसेना. पोरं खिडकीतून चूक सुधारायची, आणि मास्तर त्यांचं ऐकून पुन्हा म्हणायचे. एकदा मात्र पुस्तक मिटून म्हणाले, "बच्चों के सामने गलती हुई तो चलता, बाई. साहब के सामने जबान अटकती."

*

तपासणीचे साहेब आले. खुर्चीत बसून म्हणाले, क्यूचा नियम मराठीतून सांगा.

"क्यू... एकटा..." म्हणून मास्तर थांबले. कपाळ घामानं भिजलं. मी दाराशी उभी होते. येत होतं हो त्यांना, आदल्या दिवशी माझ्यासमोर धडाधड म्हटलं होतं.

साहेब पोरांकडं वळले. नियम कुणाला येतो, विचारलं. सगळ्या वर्गानं एका सुरात सांगितला, मास्तरांच्याच बोलीत, यू कू साथ घेऊन. साहेबांनी पेन उघडलं. संपलं आता, असं मी मनात म्हटलं.

लिहिता लिहिता ते थांबले आणि पुढं बसलेल्या सुगंधाला म्हणाले, "हे मास्तर तुम्हाला कोणत्या भाषेत शिकवतात?"

पोरगी गोंधळली. तिनं मागं वर्गाकडं पाहिलं, मग मास्तरांकडं.

"आमच्याच की, साहेब."