पुलाचा मध्य

रविवारी सकाळी पोहे आणायला निघालो की कृष्णपुऱ्याच्या पुलावर तो दिसतोच. नाव मी कधी विचारलं नाही. रहदारी वाढायच्या आत तो शिंप्याच्या टेपनं दोन्ही कठड्यांपासूनचं अंतर मोजतो, बरोबर मध्यावर खडूनं फुली मारतो आणि कॅमेरा घेऊन तिच्यावर उभा राहतो. आपल्या इंदुरात पूल रोज झाडून-धुऊन निघतो, त्यामुळे फुली दर वेळी नवी.

फोटो ब्लॅक अँड व्हाइटच. दोन्ही कठडे निमुळते होत लांबवर जिथे मिळतात, तिथून एक माणूस अगदी मधून चालत यावा, एवढंच त्याला हवं, असं त्यानंच एकदा सांगितलं. पण इथली माणसं भलती सभ्य. कॅमेरा दिसला की "अरे भिया, आप खींच लो" म्हणत बाजूला होतात. तो कुणाला थांबवत नाही. वर्ष झालं, फोटो काही मिळालेला नाही.

एकदा मला राहवलं नाही. परतताना पलीकडच्या टोकाला स्कूटर लावली आणि बरोबर मधून चालत आलो. त्यानं कॅमेरा खाली घेतला.

"सॉरी भिया. तुम्ही माझ्यासाठी चाललात ना, चाल पूरी बदलून गेली तुमची."

मला रागच आला. पोहे गार झाले ते वेगळंच.

पुढच्या रविवारी फुली धुऊन गेली होती. तो गुडघे टेकून पुन्हा टेप लावत होता. मी स्कूटर बंद केली आणि कठड्याला लागून ढकलत नेली.